जगण्याचा अर्थ शोधायला बायबल उघडताय? उपदेशकापासून सुरुवात करा

जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न घेऊन बायबल उघडणारा माणूस बहुधा दोन ठिकाणी अडकतो. काहीजण पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि लेवीयमधल्या यज्ञविधींपर्यंत येता येता दमतात. काहीजण डोळे मिटून कुठेतरी बोट ठेवतात आणि निघालेल्या वचनाला आजचा संदेश मानतात. हा प्रश्न सरळ तोंडावर विचारणारी पुस्तके बायबलच्या मध्यावरच आहेत: ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक. त्यांना ज्ञानसाहित्य म्हणतात. तिन्हींचा सूर वेगळा आहे आणि कधीकधी ती एकमेकांशी भांडतातही. मात्र परमेश्वराचे भय हाच शहाणपणाचा उगम, हे तिघांनाही मान्य आहे.

ही तीन पुस्तके साधारण अडीच महिन्यांत कशी वाचावीत आणि वाचलेले रोजच्या व्यवहारात कसे उतरवावे, ते खाली दिले आहे. तुम्ही ख्रिस्ती घरातले असा किंवा नसा, वाचायची पद्धत तीच.

हाताशी काय हवे

छापील मराठी बायबल, चार रंगांच्या पेन्सिली आणि एक साधी वही. मोबाइलवर यूव्हर्जनसारख्या ॲपमध्ये मराठी बायबल फुकट मिळते. प्रवासात ते सोयीचे, पण खुणा करून पाने मागेपुढे चाळायला कागदच बरा.

आवृत्ती कोणती घ्यावी यावर फार खल करू नका. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' चालते. त्याची भाषा भारदस्त आणि थोडी जुनी आहे, पण वचने पाठ करायला तीच सोपी जाते. वाक्ये जड वाटली तर सोप्या मराठीतली एखादी आवृत्ती जोडीला ठेवा. खेड्यातल्या बायाबापड्यांनाही कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून बायबलचे भाषांतर केले आणि 1922 मध्ये निधन होण्यापूर्वी ते हातावेगळे केले. त्यामुळे सोपी भाषा म्हणजे कमी प्रतीची, हा समज सोडून द्या. कॅथलिक बायबलमध्ये सिराख आणि शलमोनाचे ज्ञान ही आणखी दोन ज्ञानपुस्तके असतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

संदर्भ वाचायची रीत एकदा समजून घ्या. 'उपदेशक 3:14' म्हणजे तिसरा अध्याय, चौदावे वचन.

पहिली पायरी: उपदेशक एका बैठकीत

अध्याय फक्त बारा. मोठ्याने वाचले तर पाऊण तास पुरतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शेवटपर्यंत न थांबता वाचा. या वाचनात खुणा करू नका, वहीही उघडू नका.

एका बैठकीचा आग्रह एवढ्यासाठी की हे पुस्तक तुकड्यांत वाचले की हमखास चुकते. पहिल्याच पानावर 'सर्वकाही व्यर्थ' आहे. तिथेच पुस्तक मिटणाऱ्याला बायबल निराशावादी वाटते. तिसऱ्या अध्यायातले 'जन्माचा समय, मृत्यूचा समय' तेवढे वाचणाऱ्याला ती नुसती सुंदर कविता वाटते, आणि 'खा, पी, आनंद कर' एवढेच उचलणाऱ्याला चैनीची परवानगी मिळाल्यासारखी वाटते. तिन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत आणि तो ती एका दमात बोलतो, हे सलग वाचल्यावरच ध्यानात येते.

शेवटपर्यंत वाचून झाले की दुसऱ्या अध्यायाकडे परत या आणि तिथे थोडे रेंगाळा. तिथे उपदेशक, म्हणजे या पुस्तकात बोलणारा माणूस, स्वतःवर प्रयोग करतो. घरे बांधतो, द्राक्षमळे लावतो, बागा करतो, झाडांना पाणी द्यायला तळी खणतो, सोनेरुपे साठवतो, गाणारे-गाणाऱ्या ठेवतो. डोळ्यांनी जे मागितले ते त्यांना नाकारले नाही, असे सांगतो. एवढे झाल्यावर हिशेब करायला बसतो आणि हाती काही लागत नाही. त्याला खरी बोचणी आहे ती 2:18-19 मध्ये: हे सगळे माझ्यामागून येणाऱ्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख, कोणाला ठाऊक! वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला या दोन वचनांवर टीप लागत नाही.

दुसरी पायरी: तेच पुस्तक, चार रंगांत

पुढचे बारा दिवस रोज एक अध्याय घ्या आणि खुणा करा.

'व्यर्थ' जिथे येईल तिथे करडा रंग. मूळ हिब्रू शब्द वाफेचा किंवा श्वासाचा आहे, म्हणून 'निरुपयोगी' असे न वाचता 'मुठीत न राहणारे' असे वाचा.

'भूतलावर' या शब्दांना (काही आवृत्त्यांत 'सूर्याखाली') निळा. मूळ पुस्तकात हा प्रयोग 29 वेळा येतो. उपदेशक कोणत्या चौकटीत उभा राहून बोलतो आहे, ते हा रंग सांगतो: जन्म आणि मरण यांच्यामधला जेवढा पट्टा डोळ्यांना दिसतो, तेवढाच.

खाणे, पिणे आणि कष्टांत सुख मानणे, याला हिरवा. अशा जागा सात आहेत: 2:24-26, 3:12-13, 3:22, 5:18-20, 8:15, 9:7-10 आणि 11:7-10. त्यातल्या बहुतेक ठिकाणी सुख हे देवाचे देणे म्हणून आले आहे.

देवाच्या भयाला लाल: 3:14, 5:7, 7:18, 8:12-13 आणि 12:13.

बारा दिवसांनी पाने उलटून नुसते रंग पाहा. करडा सगळीकडे पसरलेला असेल, हिरवा अधूनमधून डोकावत असेल आणि लाल मोजकाच, पण शेवटच्या पानावर ठळक. या पुस्तकाचे म्हणणे त्या रंगांतच दिसते. जगाचे कोडे सुटत नाही. जेवणाचे ताट आणि हातातले काम देवाने दिलेले म्हणून घेता येते. आणि जे मुठीत मावत नाही त्याच्या मालकापुढे मान लववता येते. अर्थ सापडला की मग देवाला मानू, असा क्रम उपदेशक लावत नाही. आधी मान लवते, मग मिळालेल्या घासाला चव येते.

बाराव्या अध्यायाला वेगळी दहा मिनिटे द्या. 12:3-7 मध्ये म्हातारपणाचे चित्र मोडकळीस आलेल्या घराच्या रूपात आहे. घराचे राखणदार थरथरतात, ते हात. दळणाऱ्या थोड्या उरतात, ते दात. खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक होतात, ते डोळे. बदाम फुलतो, म्हणजे केस पांढरे होतात. पहिल्या वाचनात हे बहुतेकांच्या डोळ्यांखालून निसटते.

तिसरी पायरी: 'भय' म्हणजे नेमके काय करायचे

नवखा माणूस सर्वांत जास्त इथे गोंधळतो. 'देवाचे भय' ऐकले की एकाला शिक्षेची धास्ती आठवते. दुसरा ते सोपे करायला जातो आणि 'म्हणजे फक्त आदर' म्हणत त्यातला जोर काढून टाकतो. निर्गम 20:20 या एकाच वचनात दोन्ही भये शेजारीशेजारी आहेत. सीनाय पर्वतावरचा गडगडाट ऐकून इस्राएली लोक कापू लागतात. त्यांचा पुढारी मोशे त्यांना भिऊ नका म्हणतो, आणि लगेच सांगतो की तुम्ही पाप करू नये म्हणून देवाचे भय तुमच्यापुढे राहावे. पहिल्या भयाने माणूस देवापासून लांब पळतो. दुसऱ्या भयाने तो देवासमोर उभा राहतो, पण जपून वागतो.

हे भय मनात किती दाटले ते मोजत बसू नका. बायबल ते वागण्यातून मोजते. लेवीय 19:14 पाहा: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, आपल्या देवाचे भय बाळग. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही, आंधळ्याला धोंडा कोणी ठेवला ते दिसणार नाही. म्हणजे पकडले जाण्याचा धोका शून्य, आणि भयाची आठवण नेमकी तिथेच करून दिली आहे. त्याच अध्यायात पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहण्याला हे भय जोडले आहे (19:32). पंचविसाव्या अध्यायात ते खरेदीविक्रीत फसवणूक न करण्याला, गरजूकडून व्याज न उकळण्याला आणि चाकराला कठोरपणे न राबवण्याला जोडले आहे.

माणसांची उदाहरणे हवी असतील तर दोन पुरतात. निर्गम 1 मधल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींना मिसरचा राजा फारो याने इब्र्यांचे, म्हणजे इस्राएली लोकांचे, मुलगे मारायला सांगितले होते. त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी पोरे जगू दिली. देवाचे भय मोठे झाले की राजाचे लहान होते, ते असे. दुसरा नहेम्या, यहूदाचा सुभेदार. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल रुपे घेत. मी देवाच्या भयामुळे तसे केले नाही, असे तो सांगतो (नहेम्या 5:15).

आता सराव. आठवडाभर रोज एक असा व्यवहार निवडा ज्यात खरे-खोटे तपासायला कोणी येणार नाही: प्रवासखर्चाचे बिल, भाजीवाल्याने चुकून जास्त परत दिलेले पैसे, घरकाम करणाऱ्या ताईंची सुट्टी, गैरहजर माणसाबद्दलचे बोलणे. तो देवाच्या देखत केल्यासारखा करा आणि रात्री वहीत दोन ओळी लिहा. सगळे व्यवहार एकदम सुधारायला घेतलेत तर तीनचार दिवसांत वही कपाटात जाईल.

प्रार्थनेचा सराव उपदेशक 5:1-7 वरून घ्या. देवाच्या मंदिरात जाताना पाऊल जपून टाक, ऐकायला जवळ जा, शब्द थोडे असू दे, नवस केलास तर फेड. दहा मिनिटे असतील तर पहिली पाच गप्प बसण्यात घालवा, मग एक परिच्छेद वाचा आणि शेवटी दोनतीन वाक्यांत काय ते बोला. गप्प बसणे सुरुवातीला फार जड जाते. मन कामांच्या यादीकडे धावेल. यादी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा आणि परत बसा. नवसाबद्दल पुस्तक फारच परखड आहे: फेडणार नसशील तर न केलेला बरा. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे घर किंवा मेणाचा पाय वाहणाऱ्याने हे वचन वाचून जावे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री देवाला वाटेल ते कबूल करणाऱ्यानेही.

चौथी पायरी: महिनाभर नीतिसूत्रे

अध्याय 31 आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची जुनी सोय आहे. एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढू नका, त्या दिवसाच्या तारखेचा अध्याय घ्या.

पहिले नऊ अध्याय सलग बोलणे आहे: बाप मुलाला समजावतो, शहाणपण बाई होऊन चव्हाट्यावर हाक मारते. दहाव्यापासून सुटी सूत्रे सुरू होतात. एका अध्यायातली तीसेक सूत्रे भराभर वाचली तर एकही लक्षात राहत नाही. एकच निवडा, कागदावर लिहा, खिशात ठेवा.

निवडताना भक्तीची भारदस्त वचनेच उचलू नका. हे पुस्तक बाजारात आणि शेजारात वावरते. 'वाईट, वाईट' म्हणत घासाघीस करणारा गिऱ्हाईक घरी जाऊन फुशारकी मारतो, ते 20:14 मध्ये आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो (11:1). जवळ असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नको (3:28). दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यावर सहाव्या अध्यायाची पहिली पाच वचने आहेत, पतपेढीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ती वाचलेली बरी. आणि 27:14 प्रमाणे पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्याने आशीर्वाद देणे हा त्याला शापच वाटतो. रोज सकाळी सुप्रभातचे संदेश धाडणाऱ्यांसाठी तीन हजार वर्षे जुना निरोप म्हणायला हरकत नाही.

इथे दोन चुका होतात. पहिली, सूत्राला हमी समजणे. 'मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दे, म्हातारपणीही तो त्यापासून फिरणार नाही' (22:6) हे बहुधा असे घडते, असे सांगणारे सूत्र आहे. ते करारपत्र समजून वाचणारे आईबाप मूल भरकटले की स्वतःला दोषी ठरवतात, आणि मंडळीतले लोक त्यात भर घालतात. दुसरी, एकच सूत्र सगळीकडे लावणे. 26:4 म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पुढचेच वचन म्हणते, दे. ही संपादकाची डुलकी नव्हे. कुठल्या मूर्खाला कधी उत्तर द्यायचे हे ओळखणे वाचकावर सोपवले आहे.

अगूर नावाच्या माणसाची प्रार्थना (30:7-9) पाठ करा: मला दारिद्र्य देऊ नको, संपत्तीही देऊ नको, गरजेपुरते अन्न दे. पोट भरले तर मी तुला नाकारीन आणि दरिद्री झालो तर चोरी करीन. पगारवाढीच्या महिन्यात ही प्रार्थना मनापासून म्हणणे सोपे नाही.

पाचवी पायरी: ईयोब, पण नकाशा घेऊन

42 अध्याय आहेत आणि बरेच जण चौथ्या-पाचव्यात हरवतात. म्हणून आधी रचना बघा. 1-2 कथा: देवभीरू ईयोब आपली संपत्ती, मुले आणि प्रकृती गमावतो. 3 ईयोबाचा आकांत. 4 ते 27 एलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांशी वाद. 28 ज्ञानावरचे काव्य. 29-31 ईयोबाचे शेवटचे म्हणणे. 32-37 तरुण अलीहूचे भाषण. 38-41 परमेश्वर बोलतो. 42 शेवट. पहिल्यांदा वाचताना 1-7, 19, 28, 31 आणि 38-42 एवढेच वाचा, रोज एक अध्याय धरून दोन-अडीच आठवड्यांत होते. मधले दुसऱ्या फेरीत.

सैतानाचा प्रश्न 1:9 मध्ये आहे: ईयोब देवाचे भय फुकट बाळगतो काय? सगळे पुस्तक या प्रश्नावर उभे आहे. भक्तीच्या बदल्यात बरकत असा व्यवहार असेल, तर बरकत गेल्यावर भक्ती उरणार नाही. वाचताना हा प्रश्न ईयोबाला विचारून झाला की स्वतःलाही विचारा.

मित्रांपासून सावध राहा. त्यांची वाक्ये कानाला गोड आणि धार्मिक आहेत. 'तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल' या अर्थाचे 8:7 शुभेच्छापत्रावर शोभेल असे आहे, पण बोलणारा बिल्दद आहे, आणि त्याच्या थोडे आधी ईयोबाची मुले आपल्या पापामुळे मेली असे त्याने सुचवले आहे. 42:7 मध्ये परमेश्वर या मित्रांवर रागावतो, ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत म्हणतो. म्हणून ईयोबातले कुठलेही वचन उचलण्यापूर्वी ते कोणाच्या तोंडी आहे ते बघा. मित्रांनी एकच काम चोख केले: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (2:13). दुखवट्याला जाताना एवढेच घेऊन जा.

अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकाम आहे. माणूस डोंगर पोखरतो, दोरांना लटकून अंधारात रुपे आणि नीलमणी शोधतो, पण शहाणपण कुठल्या खाणीत मिळत नाही. शेवटच्या वचनात उत्तर आहे: प्रभूचे भय धरणे हेच ज्ञान, दुष्टतेपासून दूर राहणे हीच सुज्ञता. तरीही ईयोबाला 'माझ्यावरच का' याचे उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. देव वादळातून बोलतो तो गारांच्या कोठारांविषयी, रानशेळ्यांच्या विण्याविषयी, युद्धाच्या घोड्याविषयी. यात समाधान कसले, असे पहिल्या वाचनात वाटणारच. ती चिडचिड वहीत लिहून ठेवा आणि लगेच कोणाकडून सारवासारव करून घेऊ नका.

दिवस मोजणे

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, स्तोत्र 90 वाचा. दहाव्या वचनात आयुष्याचे माप सत्तर किंवा ऐंशी वर्षे दिले आहे, बाराव्यात दिवस गणायला शिकव अशी विनंती आहे. एकदा खरोखर गणित करा. सत्तर वर्षांचे 25,550 दिवस होतात. आपल्या वयाला 365 ने गुणा आणि वजा करा. उरलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली उपदेशक 4:6 : दोन मुठी भरून कष्ट व वायफळ धडपड यापेक्षा शांतीने भरलेली एक मूठ बरी. येत्या आठवड्यात दुसऱ्या मुठीतले काय सोडता येईल, ते एकच काम ठरवा.

हे वाचून मन अधिकच बसत असेल तर

झोप उडाली आहे, भूक मेली आहे, मरून जावेसे वाटते आहे, अशा दिवसांत उपदेशक आणि ईयोब बाजूला ठेवा. 1 राजे 19 मध्ये एलीया हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो, खायला उठवतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. बोलणे पुढे, डोंगरावर. त्याच क्रमाने जा: घरातल्या कोणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा, सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेला 14416 वर फोन करा. यात श्रद्धा कमी पडते असे सांगणाऱ्याला ईयोब 42:7 दाखवा.

पुढचे वाचन

अडीच महिन्यांनंतर मत्तयाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 5 ते 7 आणि याकोबाचे पत्र घ्या. याकोबाचे पाचच अध्याय आहेत आणि वळण नीतिसूत्रांचे आहे, त्यामुळे सवय झालेल्या वाचकाला ते लगेच पकडता येते. लूक 12:16-21 मधली कोठारे वाढवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट उपदेशक 2:18 शेजारी ठेवून वाचा. कॅथलिक बायबल असेल तर सिराखचा पहिला अध्याय, तो बराचसा परमेश्वराच्या भयावरच आहे. एकट्याने वाचण्यापेक्षा चारपाच जण आठवड्याला तासभर बसलात तर अधिक टिकते. पाळकांना किंवा फादरना दर वेळी बोलवायची गरज नाही, अडलेल्या जागा लिहून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे न्या.